दाराबाहेरचा ‘मी’



सुरुवातीलाच आपल्याला थोडं कामाला लावते. ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथं जमतो, त्यांच्या हाताखाली शिकलेले किती जण आज आले आहेत? हात वर करा. बरेच आहेत की! आता हे सांगा, सरांचा आवाज कोणाकडे आहे? जुनी कॅसेट, कोणाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट, काहीही चालेल. एकही हात वर नाही. सरांची पुस्तकं वाचनालयात आहेत. फोटो इथं हार घालून ठेवला आहे. त्यांचं अक्षर तुमच्या प्रगतिपुस्तकांवर असेल. ज्या आवाजाने त्यांनी आयुष्यभर शिकवलं, तो आवाज मात्र आपल्यापैकी कोणाकडेही नाही. आठवतो सगळ्यांना. पण आठवणीतला आवाज दुसऱ्याला ऐकवता येत नाही.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. वाचा-उपचारतज्ज्ञ असा चांगला शब्द आहे, पण माझ्याकडे येणारी माणसं ‘स्पीचवाल्या बाई’ म्हणतात आणि मला तेच आवडतं. ज्यांना तोंडाने बोलता येत नाही, जे यंत्राच्या मदतीने बोलतात, त्यांच्या आवाजाबद्दल मी आज बोलणार आहे. बोलण्याबद्दल नव्हे हं, आवाजाबद्दल. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे समजायला मला स्वतःला नोकरीची बरीच वर्षं लागली.

संध्याकाळी दारावर थाप पडते. आतून आई विचारते, ‘‘कोण आहे?’’ बाहेरून उत्तर येतं, ‘‘मी.’’ आणि आई दार उघडते. या उत्तरात माहिती काय आहे, सांगा बरं? जगातला प्रत्येक माणूस स्वतःला ‘मी’च म्हणतो. शब्दकोशाच्या हिशेबाने हे उत्तर अगदी निरुपयोगी. तरी दार उघडतं, कारण आईने शब्द ऐकलेलाच नसतो, तिने आवाज ऐकलेला असतो. लेक दमून आलीय की पेपर चांगला गेलाय, हेही तिला त्या एका अक्षरात कळतं.

ज्यांच्याबद्दल मी बोलणार आहे, त्यांना हा ‘मी’ म्हणता येत नाही. त्यांच्यासाठी यंत्र ‘मी’ म्हणतं. आणि तो आवाज कंपनीचा असतो.

कोण ही माणसं? जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं, ज्यांच्या मेंदूचे हुकूम ओठ-जिभेपर्यंत नीट पोचत नाहीत. मोटर न्यूरॉनच्या आजाराचे रुग्ण. या आजारात स्नायू एकेक करून निकामी होत जातात. पक्षाघाताने वाचा गेलेली माणसं. ऑटिझम असलेली काही मुलं. स्वरयंत्राच्या कर्करोगामुळे स्वरयंत्रच काढावं लागलेली माणसं. त्यांची संख्या तंबाखूने आपल्याकडे किती वाढवली आहे हे मी या गावाला सांगायला नको. यांतलं कोणी टॅबवरची चित्रं दाबून बोलतं. कोणी एका बोटाने अक्षरं दाबतं. हातही हलत नसेल तर नुसत्या नजरेने पडद्यावरचं अक्षर निवडता येतं. वाक्य जुळलं की यंत्र ते मोठ्याने म्हणतं.

हे परदेशातच चालतं असं समजू नका. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, ती आपल्या मुलीला, मालिनीला शिकता यावं म्हणून. त्याच मालिनी चिब यांनी पुढे एका बोटाने टंकून आपलं आत्मचरित्र लिहिलं. त्याचं नावच ‘वन लिटल फिंगर’. चेन्नईत ‘आवाज़’ नावाचं यंत्र तयार झालं, ते आता ॲप म्हणून चालतं. पवईच्या आयआयटीतल्या मंडळींनी ‘जेलो’ नावाचं चित्रांचं ॲप फुकट दिलं आहे. साधनं आली, येताहेत. माझा प्रश्न पुढचा आहे. त्या साधनातून जो आवाज येतो, तो कोणाचा?

सगळ्यांना माहीत असलेला एक आवाज घेऊ. स्टीफन हॉकिंग. १९८५ साली जिनिव्हाला गेले असताना त्यांना न्यूमोनिया झाला. जीव वाचवण्यासाठी श्वासनलिकेला छेद द्यावा लागला आणि उरलंसुरलं बोलणंही गेलं. काही काळ समोरचा माणूस तक्त्यावरच्या अक्षरांवर बोट फिरवायचा आणि हवं ते अक्षर आलं की हॉकिंग भुवई उंचावायचे. मग कॅलिफोर्नियातल्या वॉल्टर वोल्टोझ यांनी आपला संगणकाचा प्रोग्रॅम त्यांना दिला. तो प्रोग्रॅम वोल्टोझ यांनी मुळात कोणासाठी लिहिला होता? सासूबाईंसाठी. त्यांनाही हॉकिंगसारखाच मोटर न्यूरॉनचा आजार होता. जावयाने सासूसाठी केलेल्या खटपटीतून जगातला सर्वांत प्रसिद्ध यांत्रिक आवाज घडला.

पण तो आवाज मुळात होता कोणाचा? अमेरिकेतल्या एमआयटीत डेनिस क्लॅट नावाचे संशोधक होते. लिहिलेला मजकूर यंत्राने म्हणावा म्हणून ते वर्षानुवर्षं माणसाचा उच्चार मोजत बसले. मोजायला हाताशी आवाज कोणता? स्वतःचा. त्यांच्या आवाजावरून बेतलेल्या यांत्रिक आवाजाचं नाव ‘परफेक्ट पॉल’. पत्नीच्या आवाजावरून ‘ब्यूटिफुल बेटी’ झाली, मुलीच्या आवाजावरून ‘किट द किड’. घरातली तीन माणसं यंत्रात गेली. पुढे क्लॅट यांना थायरॉइडचा कर्करोग झाला आणि त्यांचा स्वतःचाच आवाज बसत गेला. १९८८ साली, वयाच्या ५०व्या वर्षी ते गेले. तोपर्यंत त्यांच्या आवाजाचा ठसा केंब्रिजमधल्या एका चाकांच्या खुर्चीतून कृष्णविवरांवर बोलू लागला होता. मी हे दर वेळी सांगते आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

नंतर पुष्कळ चांगले, गोड, नैसर्गिक आवाज निघाले. हॉकिंगना ते देऊ करण्यात आले. त्यांनी घेतले नाहीत. ते इंग्रज आणि आवाजाची धाटणी अमेरिकन, तरी ते म्हणाले की आता हीच माझी खूण झाली आहे, ब्रिटिश उच्चाराचा अस्सल आवाज मिळाला तरी मी ही बदलणार नाही. पुढे तो आवाज काढणारी जुनी इलेक्ट्रॉनिक पाटी जीर्ण झाली, सुटे भाग मिळेनासे झाले. तेव्हा काही अभियंत्यांनी काही वर्षं खपून तिचं काम हुबेहूब एका छोट्या संगणकावर उतरवलं. २०१८च्या सुरुवातीला ते त्यांच्या खुर्चीवर बसवलं आणि त्याच वर्षी १४ मार्चला हॉकिंग गेले. तीसबत्तीस वर्षं दत्तक घेतलेला आवाज त्यांनी शेवटपर्यंत सांभाळला.

मी मुद्दाम दत्तक म्हणते आहे. रक्ताचं नातं नसलं तरी मूल आपलं होतं, तसा परका आवाजही आपला होऊ शकतो. पण हॉकिंगना तो आवाज लाभला, कारण साऱ्या जगाने तो त्यांच्या नावावर करून दिला. तोच ‘परफेक्ट पॉल’ इतर शेकडो लोकांच्या यंत्रांत होता. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या रेडिओवर वादळाचे इशारेही तोच द्यायचा. या बाकीच्यांनी काय करायचं? त्यांनी तोंड उघडलं की लोक म्हणणार, अरे, हा तर हॉकिंगसारखा बोलतो. आपण कोणासारखे तरी बोलतो, हे ऐकून घ्यायचं आयुष्यभर?

बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या प्राध्यापक रूपल पटेल यांनी एक प्रसंग सांगितला आहे. डेन्मार्कमध्ये या विषयाची परिषद होती. प्रदर्शनाच्या दालनात एक लहान मुलगी आणि पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ आपापल्या यंत्रांतून गप्पा मारत होते. यंत्रं वेगळी होती आणि आवाज मात्र एकच. नंतर आजूबाजूला पाहिलं तर शेकडो माणसं त्याच मोजक्या आवाजांत बोलत होती. पटेल म्हणतात, लहान मुलीला आपण मोठ्या माणसाचा कृत्रिम पाय लावू का? मग आवाज कसा लावतो?

आपण तर पायाचं माप घेतल्याशिवाय चप्पलसुद्धा घेत नाही.

पटेल यांनी पुढे जे केलं ते समजायला इथंच एक प्रयोग करू. सगळ्यांनी गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि ‘आऽऽ’ म्हणा. लाजू नका. आता तोच सूर धरून ‘ईऽऽ’ म्हणा. मग ‘ऊऽऽ’. बोटांखालची थरथर तीच राहिली, बदल तोंडात झाला. होय ना? आवाजाचे असे दोन भाग असतात. गळ्यातले पडदे थरथरतात, हे मूळ. पुरुषाचे सेकंदाला साधारण १००-१२० वेळा, बाईचे २००च्या आसपास, मुलांचे त्याहून जास्त. मग घसा, जीभ, ओठ त्या थरथरीला घाट देतात आणि तिचे शब्द होतात. पटेल यांच्या ध्यानात आलं की सेरेब्रल पाल्सी असलेल्या ज्या माणसाचे शब्द आपल्याला कळत नाहीत, त्याचा घाट बिघडलेला असतो, पण मूळ बरंचसं शाबूत असतं. तो सूर चढवू शकतो, उतरवू शकतो. रागावला की त्याचा आवाज रागावतो. अशा मुलाची आई काय म्हणते? ‘‘मला कळतं त्याचं.’’ आपल्याला वाटतं ही मायेची भाषा आहे. बाई, ते विज्ञान आहे! तिने मूळ ऐकायला शिकलेलं असतं.

मग पटेल आणि डेलावेअरमधल्या नेमूर्स संस्थेचे टिम बनेल यांनी असं केलं की ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडून दोनतीन सेकंदांचा नुसता ‘आ’ घ्यायचा. त्याच्याच वयाच्या, त्याच्याच भागातल्या कोणीतरी काही हजार वाक्यं वाचून द्यायची. दात्याचे शब्द आणि याचा सूर, असं मिश्रण करायचं. २०१४ साली यातून ‘व्होकलआयडी’ ही कंपनी निघाली आणि हजारो लोक आपापल्या घरी बसून आवाज देऊ लागले. रक्तदानासारखं आवाजदान. फरक एवढाच की देणाऱ्याचं काही कमी होत नाही.

आता हे तंत्रही जुनं झालं. ज्यांचा आवाज होता आणि गेला, त्यांच्यासाठी जुनी रेकॉर्डिंग पुरतात. शिकागोचे चित्रपट-समीक्षक रॉजर एबर्ट यांचा आवाज २००६ साली कर्करोगाच्या शस्त्रक्रियांत गेला. त्यांनी ‘सिटिझन केन’, ‘कॅसाब्लांका’ अशा चित्रपटांच्या डीव्हीडींसाठी केलेलं भाष्य शिल्लक होतं. त्यातून एडिंबरोच्या सेरेप्रॉक कंपनीने त्यांचा आवाज बांधला. २०१० साली दूरचित्रवाणीवर त्यांनी तो पत्नीला ऐकवला. २०२४च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात जेनिफर वेक्स्टन बोलल्या. मेंदूच्या आजाराने त्यांचं बोलणं गेलं होतं आणि त्यांच्याच जुन्या भाषणांवरून तयार केलेला त्यांचा आवाज सभागृहात उमटला. पूर्वी यासाठी दीडदोन हजार वाक्यं वाचावी लागत. २०२३ साली ॲपलने आपल्या फोनवर इंग्रजीसाठी हीच सोय दिली, तेव्हा दीडशे वाक्यं आणि पंधरा मिनिटं पुरी झाली. कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णाच्या मेंदूत २५६ विद्युदग्रं बसवून, तो जे म्हणू पाहतो ते थेट त्याच्या आजारापूर्वीच्या आवाजात ऐकवण्यापर्यंत संशोधक गेले आहेत.

हे सगळं बघून मला आनंद होतो, आणि लगेच माझ्या समोरची माणसं आठवतात. कारण हे सगळं इंग्रजीत घडलं. आता मी मराठीकडे येते, आणि इथं थोडी रेंगाळणार आहे.

मराठीत ‘मी’ म्हणताक्षणी क्रियापद विचारतं, तू कोण? ‘मी येतो’ की ‘मी येते’? इंग्रजीला हा प्रश्न पडतच नाही. त्यामुळे इंग्रजी साच्यावरून भाषांतर करून भरलेली वाक्यं जेव्हा आमच्या मुलांच्या टॅबवर आली, तेव्हा आठ वर्षांचा मुलगा बटण दाबून म्हणू लागला, ‘‘मी शाळेत जाते.’’ वर्ग हसला. तो नंतर आठवडाभर टॅबला हात लावेना. बरं, ‘जातो’ आणि ‘जाते’ अशी दोन बटणं दिली की प्रश्न मिटला का? कोल्हापूरकडच्या मुली ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणतात. तिथल्या मुलीच्या यंत्राने ‘मी आले’ म्हटलं तर व्याकरण सुधारलं, पण मुलगी हरवली.

आणखी एक. घरातून निघताना आपण ‘जाते’ म्हणतो का? ‘येते’ म्हणतो. एका आजींनी मला हे शिकवलं. नात टॅबवर ‘मी जाते’ दाबून बाहेर पडली आणि आजी यंत्रावर चिडल्या. ‘‘त्या डबड्याला सांगा, असं बोलत नसतात.’’ मी त्या दिवशी बसून बटण बदललं. यंत्राला मराठी येणं आणि यंत्राला घर कळणं यांत एवढं अंतर आहे.

मग उच्चार. ‘जरा थांब’ मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. लिहायला एकच, म्हणायला दोन. चार आणि चारा यांतले ‘च’ वेगळे आहेत, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही, पण यंत्राला लिपीतून ते कळत नाही. आणि आपला ‘हं’! कळलं म्हणून हं, पुढे सांग म्हणून हं, बघते तुला म्हणून हं. निम्मा मराठी संसार त्या ‘हं’वर चालतो. हे सगळं यंत्राला शिकवायचं तर मराठी बोलणं मुबलक साठवलेलं हवं. कामं चालू आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने नऊ भारतीय भाषांसाठी पुरुष आणि स्त्री आवाजांची रेकॉर्डिंग केली, त्यांत मराठी आहे. हा पाया झाला. पण दोन आवाजांत दहा कोटींच्या आसपासची माणसं बसत नाहीत.

माझ्याकडे एक एसटी कंडक्टर यायचे. ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील सांगत नाही. स्वरयंत्राचा कर्करोग. एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, ती उत्तम झाली, जीव वाचला. त्यानंतर ते माझ्याकडे आले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘‘ताई, ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस फिरवलं. रक्त मागितलं, लघवी मागितली, छातीचा फोटो मागितला. यांचा आवाज कोणी मागितलाच नाही.’’

मी या वाक्यापुढे निरुत्तर आहे. शस्त्रक्रियेची तारीख आधी ठरलेली असते. आवाज त्या तारखेला जाणार हे डॉक्टरांना माहीत असतं, नर्सना माहीत असतं, घरच्यांना माहीत असतं. आणि तो पंधरा मिनिटं साठवून ठेवायला एक फोन पुरतो. फोन सगळ्यांच्या खिशात होता! मी त्या रुग्णालयाला दोष देऊन मोकळी होत नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांनी हे आधी ओरडून सांगायला हवं होतं. मीही सांगितलं नव्हतं. बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात जॉन कॉस्टेलो यांनी हे किती आधी सुरू केलं! शस्त्रक्रियेनंतर काही दिवस बोलता येणार नाही अशा मुलांकडून ते आधीच त्यांची वाक्यं त्यांच्याच आवाजात भरून घेत. ‘पाणी हवं’ एवढंच नाही. भावाला चिडवायचं वाक्यही, आईला हाक मारायचं वाक्यही.

तर ते कंडक्टर. मी त्यांना फोनवरचं मराठी बोलणारं ॲप लावून दिलं. त्यांनी एक वाक्य टंकलं, ऐकलं, फोन उलटा ठेवला आणि पाटीवर लिहिलं, ‘‘हा साहेबाचा आवाज आहे.’’ बातम्या वाचणारा तो शुद्ध, गुळगुळीत आवाज. त्या आवाजात त्यांनी बायकोला चहा मागायचा होता. ते पाटीवरच बोलत राहिले. पुढे काही वर्षांनी त्यांच्या मुलीला एका बारशाच्या व्हिडिओत वडिलांचा आवाज सापडला. चाळीस सेकंद. ते दिसतसुद्धा नाहीत, मागून कोणाला तरी जेवायला हाका मारताहेत, भांड्यांचा आवाज आहे, पोरं रडताहेत. पूर्वी एवढ्यात काही झालं नसतं. आता ढोबळ का होईना, आवाज उभा राहतो. एका ओळखीच्या तरुण अभियंत्याने तो करून दिला. मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांनी ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग पाटी ओढली. मला वाटलं काही भरून येऊन लिहितील. लिहिलं काय? ‘‘बारीक आहे. माझा मागच्या शिटापर्यंत जायचा.’’ पत्नी आत गेल्या, बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

म्हणून मी म्हणते की आपल्याला आवाजपेढी हवी. आणि ती पुण्यामुंबईच्या वाचलेल्या वाक्यांची नको. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा आवाज हवा, मालवणी मावशीचा हवा, खानदेशातल्या पोराचा हवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासमोर वाक्यांचा कागद धरायचाच कशाला? त्यांना भाकरी कशी करतात ते सांगू दे, शेजारणीची तक्रार करू दे. बोलू दे नुसतं. मुलांचे आवाज तर हवेतच, आणि ते दर काही वर्षांनी पुन्हा घ्यायला हवेत, कारण चौदाव्या-पंधराव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो. यंत्राचा फुटत नाही. मिसरूड फुटलेला मुलगा यंत्रातून सात वर्षांच्या पोराच्या आवाजात बोलतो तेव्हा लोक त्याच्याशी सात वर्षांचाच असल्यासारखं वागतात.

पेढी होईल तेव्हा होईल. घरी आजपासून करता येण्यासारखं आहे. घरात कोणाला मोटर न्यूरॉनचं निदान झालं असेल, घशाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर थांबू नका. पंखा बंद करा, खिडकी लावून घ्या, फोन तोंडापासून वीतभर लांब ठेवा आणि त्यांना बोलतं करा. आवाज घोगरा झाल्यावर उशीर होतो. पहिल्याच आठवड्यात करा. व्हॉट्सॲपवर आलेले त्यांचे आवाजातले निरोप जागा होत नाही म्हणून पुसून टाकू नका. आणि त्यांची खास वाक्यं, घरच्या माणसाला मारायची ती हाक, ती त्यांच्याकडूनच भरून घ्या. ती बनवून मिळत नाहीत.

आता एक भीती बोलून दाखवते. साठवलेला आवाज चोरीला जातो. मुलाच्या आवाजात फोन करून आईकडून पैसे उकळण्याचे प्रकार तुम्ही वाचले असतील. गायक अरिजित सिंग यांना आपल्या आवाजाच्या नकला थांबवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं आणि २०२४ साली न्यायालयाने त्यांना संरक्षण दिलं. मोठ्या गायकाला वकील मिळतो. माझ्याकडच्या कंडक्टरांना कोण देणार? म्हणून आवाज कोणाचा, कशासाठी दिला, किती दिवसांसाठी, माणूस गेल्यावर त्याचं काय करायचं, हे पेढीच्या पहिल्या दिवशी लिहून घ्यायला हवं. आणि सोप्या मराठीत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येत बोलण्याचे पर्यायी मार्गही धरले आहेत. आवाजाच्या मालकीचा विचार आपल्याला त्याच्या पुढे जाऊन करावा लागेल.

आणि ज्याचा आवाज आहे त्याने ‘नको’ म्हटलं तर? तर नको. काहींना आपला जुना आवाज यंत्रातून ऐकवत नाही. काही घरांत तो ऐकून रडारड होते. हॉकिंगनी परका आवाज निवडला, तो त्यांचा अधिकार होता. इथं पहिल्या रांगेत माझी एक सोळा वर्षांची मैत्रीण बसली आहे. तिला विचारूनच सांगते. ती जन्मापासून तोंडाने बोललेली नाही. तिच्यासाठी आवाज करायचा ठरलं तेव्हा आईने आपला देऊ केला. तिने टॅबवर लिहिलं, ‘‘नको. मग मला आईच रागावतेय असं वाटेल.’’ तिने मामेबहिणीचा आवाज घेतला, आणि सूर थोडा खाली आणायला लावला, कारण मामेबहीण फार चिवचिवते म्हणे. तीन आठवडे आम्ही तो सूर वरखाली करत होतो. दुकानात ओढणीचा रंग निवडतात तसा तिने तो निवडला.

शेवटचं बोलते, आणि ते यंत्राबद्दल नाही. आपण मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द बोलतो. नजरेने किंवा एका बोटाने टंकणाऱ्याचे दहापंधरा होतात. आवाज कितीही सुंदर बनवला तरी हा वेग फारसा बदलत नाही. आणि आपण काय करतो? ती अर्धं वाक्य लिहिते तोवर आपण तिचं उरलेलं वाक्य पुरं करतो. प्रेमाने करतो. तिच्या नव्या आवाजाला बोलायला जागाच ठेवत नाही.

कार्यकर्त्यांनी सांगितलंय की व्याख्यानानंतर प्रश्नांना वीस मिनिटं आहेत. पहिला प्रश्न माझ्या या मैत्रिणीचा आहे. मी बोलायला लागले तेव्हापासून ती टॅबवर काहीतरी लिहिते आहे, अजून पुरं झालेलं नाही. आणखी चारपाच मिनिटं लागतील असं दिसतंय. माइक तिच्याजवळ नेऊन ठेवा. आपण थांबू.